लिंबाजीनं मागितलेला शेवट

लिंबाजीनं माझ्या कथेतली चूक काढली तेव्हा मला त्याचा राग आला होता, हे आधीच सांगून टाकते. आयुष्यभर मराठी शिकवलेली बाई मी. चुका मी काढायच्या, लोकांनी माझ्या नव्हे. आणि हा माणूस अक्षरओळख नसलेला, आमच्या उसाच्या बांधावर पाय दुमडून बसलेला, सदऱ्याची गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. मी कथा वाचून संपवली, चष्मा काढला आणि आता हा काहीतरी गहिवरून बोलेल म्हणून थांबले. तर म्हणतो कसा, "बाई, लई बेस लिव्हलंय. पर तुमच्या गड्याला मोळी उचलू लागलं कोण?"

"म्हणजे?"

"त्यो एकटाच हाय म्हणता. मग उसाची मोळी त्याच्या डोक्यावर ठिवली कुणी? आपली आपल्याला ठिवता येत न्हाय ती."

मी म्हटलं, "अहो लिंबाजी, ती कथा आहे. तिच्यात एवढं बघायचं नसतं."

"असू द्या की," तो म्हणाला. हे त्याचं ठरलेलं वाक्य. भाकरी करपली तरी असू द्या की, मुकादमानं आईवरून शिवी दिली तरी असू द्या की. मला वाटलं, चला, विषय मिटला. घरी येऊन मात्र मी छापलेलं पान पुन्हा काढलं. माझा नायक खरंच दर परिच्छेदाला एकटा मोळी उचलत होता.

आम्ही तेरचे. तेरणेच्या काठाला आमच्या ह्यांची थोडी जमीन आहे आणि तिच्यात बहुतेक ऊस. दिवाळी झाली की वाशी-भूमच्या डोंगराकडून तोडणीची टोळी येते, आमच्या फडाशेजारच्या मोकळ्या रानात राहायला पाचटाच्या कोप्या घालते आणि कारखान्याचा हंगाम संपला की जाते. या टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा तोडतो, बायको पाचट सोलते, मोळ्या बांधते, दोघं मिळून वाहतात. एकटा माणूस असला तर तो अर्धा कोयता. लिंबाजी अर्धा कोयता होता. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही, गावात भाऊ होता पण त्यानं मधे भिंत घातलेली. "तुमच्या टोळीत अर्धे कितीक?" असं एक मुकादम दुसऱ्याला विचारताना मी ऐकलंय. समोर उभा असलेला लिंबाजी तेव्हा बोट वर करायचा.

आम्हा लिहिणाऱ्यांची एक खोड असते. एकटा माणूस दाखवायचा म्हटलं की त्याला माळावर उभं करायचं, मागं सूर्य बुडवायचा आणि एक टिटवी ओरडवायची. मी हे सगळं मन लावून केलं होतं. टिटवी तर दोनदा ओरडवली होती. लिंबाजीचं एकटेपण असं माळावरचं नव्हतंच मुळी. ते भर दिवसा, पंचवीस-तीस माणसांच्या गजबजाटात यायचं आणि दर मोळीला यायचं. बाकीच्यांची मोळी बांधून झाली की समोर बायको असायचीच. एकानं इकडून, एकीनं तिकडून धरली की मोळी डोक्यावर. लिंबाजी आपली मोळी बांधून तिच्याशेजारी उभा राहायचा आणि खोकायचा.

हाक कधी मारली नाही त्यानं. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, कुणाला तरी नावानं बोलवा की. किती वेळ खोकताय!"

"नावानं बोलीवलं की त्याला हातचं काम टाकून यावं लागतंय बाई. खोकलं की मोकळा आसंल त्यो येतोय."

कधी कुणीच मोकळं नसायचं. मग तो मोळी सोडायचा, त्यातले आठ-दहा ऊस काढून ठेवायचा, लहान मोळी बांधाला टेकवून उभी करायचा आणि खाली वाकून तिच्याखाली डोकं घालायचा. म्हणजे इतरांच्या तीन खेपा तिथं याच्या पाच. हे मी चार हंगाम रोज डोळ्यांनी बघत होते, म्हशीसाठी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, न्यायला रोज फडात जात होते, आणि कथा लिहायला बसल्यावर यातलं एक अक्षर मला सुचलं नाही. सुचली ती टिटवी.

कोपी घालण्यातही त्याची एक तऱ्हा होती. सगळे वाऱ्याकडं पाठ करून दार ठेवत. लिंबाजीची कोपी टोळीच्या अगदी कडेला, पण दार मात्र बाकीच्या कोप्यांकडं तोंड करून, मग थंडीचा वारा सरळ आत घुसला तरी चालेल. मी विचारलं तर म्हणाला, "माणसं दिसतेत." भाकरी तर अशी करायचा की बायका बघायला यायच्या. पातळ, गोल, पापुद्रा टम्म सुटलेली. त्या त्याला चिडवायच्या, "लिंबाजीदादा, तुमच्या हातची भाकर खाऊन एखादी नांदायला यील बघा!" तो कानाच्या पाळीपर्यंत लाल व्हायचा आणि परातीत खाली बघत आणखी एक भाकरी थापायचा. मग ती जास्तीची भाकरी कुणाला तरी देऊन टाकायचा.

पाचव्या हंगामात टोळीत सरूबाई आली. वाशी तालुक्यातली, विधवा, पन्नाशीला टेकलेली, लेकाचं नुकतंच लग्न करून दिलेली. ही दुसरी अर्धी. मुकादमानं दोन अर्धे जोडून एक कोयता केला. अशा जोड्या लावतात. काम संपलं की ज्याचा तो मोकळा. चुली वेगळ्या, कोप्या वेगळ्या, फक्त मोळी एक.

सरूबाई म्हणजे तोंडाचा पट्टा. मुकादमाला भर फडात सुनवायची. ट्रॅक्टरवाल्यानं गाणं मोठ्यानं लावलं तर खाली उतरवून बंद करायला लावायची. लिंबाजीला ती 'लिंबाजीभाऊ' म्हणायची आणि त्यालाही सोडायची नाही. "लिंबाजीभाऊ, खोकताव कशाला? म्या हितं हाय का मेले? तोंडानं बोला की!" बिचारा बोलायला शिकला. 'सरूबाई, जरा हात लावता का' एवढंच, पण हळूहळू ते सुद्धा बंद झालं, कारण तो मोळीची गाठ मारून सरळ व्हायच्या आत ती समोर उभी असायची. तिचा डावा खांदा दुखायचा. ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. लिंबाजी मात्र तिच्या मोळ्या वेगळ्या, लहान बांधायला लागला आणि आपल्या तेवढ्याच मोठ्या करायला लागला.

दोघांच्या कोप्यांमधे एक चपटा दगड होता. लिंबाजी त्यावर कालवणाची वाटी ठेवून माघारी फिरायचा. थोड्या वेळानं वाटी घासून तिथंच परत आलेली असायची, पण रिकामी कधीच नाही. मिरचीचा ठेचा, दोन कांदे, मूठभर शेंगदाणे, काही ना काही असायचंच. एकमेकांच्या कोपीत कुणी पाऊल टाकलं नाही. टोळीतली माणसं बघायची, हसायची, पण त्या हसण्यात वाईट काही नव्हतं.

एकदा आरोग्य तपासणीला कुणीतरी आलं. यादी करणाऱ्या पोरीनं एका कोयत्याला एक कागद असा सपाटा लावला होता. तिनं न विचारताच लिहून टाकलं. सरूबाईला कळलं तेव्हा तिनं त्या पोरीची बोलती बंद केली. लिंबाजी दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन माझ्याकडं आला.

"बाई, ह्याच्यावर काय लिव्हलंय ते वाचा."

मी वाचलं. लिंबाजी, त्याच्या खाली 'पत्नी' आणि पुढं सरूबाई.

"चूक हाय ती," तो म्हणाला.

"हो, चूकच आहे. फाडून टाका."

"व्हय," म्हणाला, कागदाची चौघडी केली आणि खिशात ठेवून निघून गेला.

माझी कथा छापून आली ती याच्या पुढच्या दिवाळीला. लिहिली होती अर्थात लिंबाजीवर. तोवर त्याला जोडीदार मिळून एक अख्खा हंगाम गेला होता, पण माझ्या कथेला जोडीदार परवडणारा नव्हता. एकटा माणूस, एकटा जगतो, फडात एकटा मरतो, संपलं. शेवटचं वाक्य होतं, 'त्याला आता कुणाचीच गरज उरली नव्हती.' या वाक्यावर मी तीन दिवस खर्च केले होते.

ती वाचून दाखवल्यावर मोळीचा आक्षेप निघाला तो वर सांगितलाच. दुसरा आक्षेप घेऊन लिंबाजी दोन दिवसांनी आला. चेहरा असा, जणू सुतकात आहे.

"त्यो मेलाच म्हणता व्हय बाई?"

"मेला."

"जवळ कोन व्हतं?"

"कुणी नाही."

"असं कसं? टोळीत माणूस मराया लागला की समदी पळत येतेत. कुणी पाणी पाजतंय, कुणी टेंपो बघतंय. एकट्याला मरू देत न्हाईत हो. जगताना ज्येचं त्येला काम असतंय, ती गोष्ट येगळी." मग म्हणाला, "त्येला मारायला नगं व्हतं."

मला हसू आलं. आतून जरा बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू? आपण लिहिलेला माणूस ऐकणाऱ्याला खरा वाटला याचा आनंद होता तो. लिंबाजीला काय झालं होतं ते माझ्या लक्षात यायला आणखी आठवडा गेला.

संध्याकाळी वाढं आणायला गेले होते. ट्रॉलीच्या पलीकडं सगळे शेकोटीभोवती बसले होते आणि लिंबाजी गोष्ट सांगत होता. लिंबाजी! ज्याच्या तोंडून सलग चार वाक्यं ऐकायला मिळायची नाहीत तो. गोष्ट माझीच होती. फक्त त्याच्या गोष्टीत गडी मेला नव्हता. तो आपल्या मोळीशेजारी उभा होता आणि तिकडून एक बाई येत होती. "तोंडानं लई फटकळ," तो सांगत होता, "पर हात लावला की मोळी कापसावानी हलकी."

सगळे हसले. कोण ते सगळ्यांना कळलं होतं. सरूबाई आपल्या चुलीपुढं भाकरी थापत होती, तिची पाठ या बाजूला होती. थापायचं न थांबवता तिनं विचारलं, "त्या बाईला लेकरूबाळ हाय का न्हाय गोष्टीत?"

"हाय की," लिंबाजी म्हणाला. "एक लेक हाय. मोठा. लगीन झालंय त्याचं."

"मग लेकाला काय वाटंल?"

लिंबाजी शेकोटीत काडी फिरवत राहिला. "त्ये अजून मास्तरीण बाईंनी लिव्हलं न्हाय," तो म्हणाला.

मी वाढं न घेताच घरी आले.

दुसऱ्या दिवशी तो दारात हजर. "बाई, त्या गोष्टीचं म्होरलं लिव्हा."

"अहो, छापून आलीय ती."

"शिवलेलं पोतं बी उसवतोच की आपुन."

"लिंबाजी, सरळ तुम्हीच का विचारत नाही त्यांना? एवढा वळसा कशाला?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, मी वर्गात एखाद्या मठ्ठ मुलाकडं बघत असे तसं. "बाई, इचारलं आन् तिनं न्हाय म्हणलं तर? सकाळी परत तिच्याच समोर मोळीला वाकायचं हाय. तिला बी अवघड, मला बी अवघड. एवढी सोबत हाय ती बी जायची. गोष्टीत न्हाय म्हणली तर ती गोष्टीतल्या माणसाला म्हणली. आमचं काय बिघडत न्हाय."

आयुष्यभर साहित्य शिकवलं मी. माणसं गोष्टी का सांगतात, यावर पोरांना पानं भरून उत्तरं लिहायला लावली. इतकं स्वच्छ उत्तर मला एकाही पेपरात मिळालं नव्हतं.

त्याचा बेत असा होता: येळवस, म्हणजे वेळा अमावास्या, जवळ आली होती. येळवशीला आमच्याकडं टोळीला जेवण असतं. जेवणं झाली की त्यानं सगळ्यांसमोर मला गोष्टीचा शेवट विचारायचा आणि मी सांगायचं की तो गडी जगला, त्यानं त्या बाईला विचारलं. "तुमी शिकलेल्या. तुमच्या तोंडून आलं तर ती नीट ऐकून घील. मंग ती काय म्हणती ते बघू."

मी म्हटलं, "बघते." त्यानं ते 'हो' धरलं. मीही तेव्हा 'हो' अशाच अर्थानं म्हटलं होतं.

येळवशीच्या सकाळी मला पुण्याहून फोन आला. एका जाणत्या माणसानं कथा वाचली होती. ते म्हणाले, "बाई, शेवट काय केलाय! निष्ठुर, पण खरा. कुणी काही म्हणो, त्यातला शब्द हलवू नका." माझ्या वयाच्या, तेरसारख्या गावात राहणाऱ्या बाईला असा फोन वरचेवर येत नाही. माझे पाय जमिनीवर नव्हते. शेतात जाईपर्यंत मी ते बोलणं मनात दहा वेळा ऐकलं.

रानात कडब्याची कोप उभी होती. ह्यांनी पूजा केली, हरभऱ्यावर-ज्वारीवर आंबील शिंपडून आले. पंगत बसली. पालेभाज्या-शेंगांची भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आंबील. सरूबाईनं बायकांना दरडावून वाढायला लावलं. लिंबाजी धुतलेल्या सदऱ्यात बसला होता आणि जेवत नव्हता, नुसता चिवडत होता. जेवणं झाल्यावर माणसं बाभळीखाली लवंडली. सरूबाई पत्रावळ्या गोळा करत होती.

लिंबाजीनं घसा खाकरला. "बाई, त्या गोष्टीतल्या गड्याचं शेवटी काय झालं ते सांगा की समद्यास्नी."

मला त्याचं बोलणं आठवत नव्हतं असं मुळीच नाही. अगदी लख्ख आठवत होतं. पण सकाळचा फोन डोक्यात घुमत होता आणि मला वाटलं, आपण आपल्या लिहिण्याशी इमान राखलं पाहिजे. एका शेकोटीपुढच्या गमतीसाठी शेवट बदलायचा? गंमत! हाच शब्द माझ्या मनात आला होता. मी म्हटलं, "तो एकटाच राहिला. एकटाच गेला."

बाभळीखाली चुळबुळ झाली. लिंबाजी माझ्याकडं टक लावून बघत होता. अजूनही मी पुढं काही बोलेन असं त्याला वाटत असावं. मी बोलले. ते शेवटचं वाक्य मी पाठ म्हणून दाखवलं, वर्गात म्हणायचे तसं, आवाज जरा खाली आणून. "त्याला आता कुणाचीच गरज उरली नव्हती."

पत्रावळ्या हातात घेऊन सरूबाई उभी होती. "त्यानं कुणाला इचारलंच न्हाय का, बाई?"

"नाही," मी म्हणाले. "विचारावं असं त्याला कुणी वाटलंच नाही."

"असं व्हय," ती म्हणाली आणि पत्रावळ्या टाकायला बांधाकडं गेली.

"असू द्या की," लिंबाजी म्हणाला. कुणीतरी खीर उरलीय का विचारलं. मग सगळे उठले.

त्यानंतरही तीन महिने दोघं एकाच कोयत्यावर होती. काम तसंच चाललं. पण वाढं न्यायला गेले की मला त्या दोघांमधला चपटा दगड दिसायचा. त्यावर काहीच नसायचं. सरूबाई मुकादमाशी भांडेनाशी झाली. हंगाम संपला त्या दिवशी तिनं मुकादमाला सांगितलं, "म्होरल्या साली मला धरू नका." मी लिंबाजीला गाठून म्हटलं, तिच्या लेकाचा फोननंबर तरी घेऊन ठेवा. तो म्हणाला, "नंबर हाय. पर काय म्हणून फोन करू?"

मला वाईट वाटत होतं, नाही कशाला म्हणू? पण मी स्वतःची समजूत घातली की तिला जायचंच असेल. असती इच्छा तर राहिली असती. माणसाला स्वतःची समजूत घालायला किती थोडं पुरतं!

पुढच्या दिवाळीआधी नातेवाइकांच्या मुलांसाठी फटाके घ्यायला तेरखेड्याला गेले होते. तिथं स्वस्त मिळतात. रस्त्याच्या कडेला दोन मुली हाताशी धरून सरूबाई उभी. फटाक्यांच्या पुंगळ्या वळण्याचं काम करून घरी निघाली होती. बोटांच्या पेरांवर कागद-खळीचे थर.

"बाई, वळखलं का?" तिनंच हाक मारली. दसरा झाल्याबरोबर लेक आणि सून कोयत्यावर गेली होती. नाती शाळेत. त्यांच्यापाशी ही. एवढं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "लिंबाजीभाऊ येतेत का हो अजून तुमच्याकडं?"

"टोळी यायचीय अजून."

"आता मोळी कोन उचलू लागतंय त्येंना?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "सरूबाई, तुम्ही का सोडून गेलात?"

ती माझ्याकडं नवलानं बघत राहिली. "बाई, तुमीच सांगितलं की भर येळवशीला. त्येला कुणाची गरज न्हाय म्हणून."

"अहो, ती माझी कथा होती!"

"गोष्टीतच तर चाललं व्हतं आमचं. मला वाटलं, तोंडावर न्हाय म्हणाया त्येंचा जीव हुईना, म्हणून तुमच्याकरवी सांगितलं. भला माणूस हाय. चार लोकांत माझं हसं हू दिलं न्हाय." नातीचा सुटलेला रिबिनीचा फास आवळत ती पुढं म्हणाली, "म्या तर लेकाला बी फोन लावून इचारलं व्हतं. येळवशीच्या आदल्या दिवशी. त्यो म्हणला, आई, तुझ्या मनाला यील तसं कर. काय बी अडत नव्हतं बघा."

मी म्हटलं, "मी त्यांना सांगते. आत्ता सांगते. अजून काय बिघडलंय?"

"नगं बाई. आता म्या हितनं हलले तर लेकाचा कोयता मोडतोय. सून घरी बसली की लेक अर्धा. ह्या दोघींची शाळा ग्येली. आता काय उपेग हाय त्येंना सांगून? उगं जिवाला घोर. सांगू नका, शपथ हाय तुमाला."

मी शपथ घेतली.

टोळी आली. लिंबाजी पुन्हा अर्धा. पुन्हा मोळीशेजारी उभा राहू लागला. आता तो खोकतही नव्हता, नुसता उभा असायचा. मी एकदोनदा पदर खोचून हात लावायला गेले, तर म्हणाला, "तुमी नगा बाई, पाठीत भरंल." कोपीचं दार त्यानं त्या साली इतरांसारखंच, वाऱ्याकडं पाठ करून ठेवलं होतं. माझ्याशी पूर्वीसारखाच नम्र, पण गोष्टीचं नाव काढलं नाही. मी रोज फडात जायचे आणि रोज जीभ आवरून परत यायचे. मला झोप लागेना. ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, शपथ घेतलीय ना, मग गप्प बसायचं. बरोबर बोलत होते ते.

कारखाना बंद झाला त्या दिवशी दुपारी ट्रॉलीत सामान चढत होतं. पत्रे, पातेली, कोंबड्यांची खुराडी, लेकरं. लिंबाजी खाली उभा राहून दोरखंड आवळत होता. आता हा सहा महिने दिसणार नाही, या विचारानं मला राहवलं नाही. मी त्याला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. तेरखेड्याची भेट, लेकाला केलेला फोन, तिचा तो गैरसमज, माझा गुन्हा. बोलताना मी रडले. माझ्या मनात होतं की हा म्हणेल, असू द्या की.

तो दोरखंड हातात धरून ऐकत होता. मी थांबल्यावर म्हणाला, "बाई, हे मला कशाला सांगितलं?"

"तुम्हाला खरं कळायला हवं होतं म्हणून."

"म्या समजून व्हतो, ती सोडून ग्येली म्हंजी तिच्या मनाला आलं न्हाय. बाईमाणूस हाय, तिची मर्जी. त्याच्यावर म्या वरीस काढलं. बरं निघालं. आता कशावर काढू?"

मी म्हटलं, मी तिच्याकडं जाते, तिच्या लेकाशी बोलते, काहीतरी मार्ग काढू.

"नगं." एवढा कडक आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. "लेकरं संभाळायलीय ती. तिला आता तरास देऊ नका. तुमी लई केलं."

मी हलकी व्हावी म्हणून त्याला सांगायला गेले होते. ते ओझं त्याच्या डोक्यावर गेलं आणि मी मोकळी झाले, असंही झालं नाही. माझंही तसंच राहिलं.

ट्रॅक्टर सुरू झाला. लिंबाजी फळीवरून वर चढला आणि सामानाच्या मागच्या बाजूला बसला. त्या टोळीतून तो परत कधीच आला नाही. आता अर्धे कोयते धरत नाही, असं मुकादम पुढच्या साली म्हणाला. कुणी सांगितलं तो कर्नाटकात गेला, कुणी म्हणालं सोलापुरात कुणाच्या तरी गोठ्यावर आहे. म्हणजे हे शेवटचंच बघणं होतं, पण ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

ट्रॉली ढोकीच्या रस्त्याला लागली तशी बायका-पोरांनी शेताकडं बघून हात हलवले. लिंबाजीनं हलवला नाही. जरा पुढं गेल्यावर तो उठून उभा राहिला, एका हातानं दोरखंड धरला आणि माझ्याकडं बघून काहीतरी विचारलं. विचारलंच, कारण उत्तराची वाट बघत तो तसाच उभा होता. ट्रॅक्टरच्या धडधडीत मला एक शब्द ऐकू आला नाही. मी घाईघाईनं मान हलवली आणि ओरडून म्हटलं, "हो, हो!"

तो खाली बसला. त्यानं काय विचारलं होतं, ते मला आजही माहीत नाही.